वाचकांचे प्रश्न : गळणारी लघवी, तुंबलेली लघवी

गेल्या दोन महिन्यांत पुरुषांच्या लघवीच्या तक्रारींविषयी आलेली पत्रे एकत्र वाचली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य आढळले : 'हे मी अजून घरीही बोललेलो नाही.' दवाखान्यातही माझा अनुभव वेगळा नाही. रक्तदाब, गुडघे, झोप यांविषयी सविस्तर बोलून झाल्यावर, पिशवी उचलून दाराशी पोहोचलेला रुग्ण मागे वळतो आणि हळू आवाजात म्हणतो, 'डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं.' दाराशी उभे राहून विचारल्या जाणाऱ्या त्या प्रश्नासाठी या अंकातील सर्व जागा राखून ठेवली आहे. पत्रलेखकांची नावे व गावे वगळली असून वय आणि त्रासाशी संबंधित तपशील तेवढे ठेवले आहेत.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. दोन वर्षांपासून लघवीची धार बारीक झाली आहे, ती सुरू व्हायला वेळ लागतो आणि झाल्यावरही काही शिल्लक राहिल्यासारखे वाटते. रात्री चार वेळा उठावे लागते. अलीकडे कळ आली की शौचालयापर्यंत पोहोचण्याआधीच पायजमा ओला होतो. भजनी मंडळात बसणे मी बंद केले आहे, एसटीचा प्रवास टाळतो आणि संध्याकाळी पाचनंतर पाणी पीत नाही. एकीकडे लघवी नीट होत नाही आणि दुसरीकडे ती थांबतही नाही, हे दोन्ही एकाच माणसाला कसे होते?

उत्तर : आपण नेमका तोच प्रश्न विचारला आहे ज्याच्या उत्तरावर पुढचे सगळे उपचार अवलंबून असतात. गळणे आणि तुंबणे हे दोन वेगळे आजार वाटतात, परंतु आपल्या वयाच्या पुरुषांत ती पुष्कळदा एकाच आजाराची दोन टोके असतात.

मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, सुमारे २० ग्रॅम वजनाची असते आणि चाळिशीनंतर हळूहळू वाढू लागते. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढे दहापैकी आठ-नऊ जणांत ही वाढ आढळते, मात्र त्या सर्वांना त्रास होतोच असे नाही. ग्रंथी मोठी असूनही धार उत्तम असलेले आणि लहान ग्रंथीने बेजार झालेले असे दोन्ही प्रकारचे रुग्ण मी पाहिले आहेत. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे आणि तिच्यात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. पुढची वाट अरुंद झाली की हा स्नायू अधिक जोर लावतो, जाड होतो आणि काही वर्षांनी हट्टी बनतो. विहिरीवरच्या मोटारीचा पाइप पुढे कुठे दाबला गेला की मोटार कण्हू लागते, तसेच हे आहे. असा चिडलेला स्नायू पिशवी अर्धी भरलेली असतानाच, आपल्याला न विचारता आकुंचन पावतो. हीच आपली अनावर कळ आणि हाच आपला ओला पायजमा. त्यामुळे केवळ 'लघवी थांबवण्याची गोळी' घेऊन हा प्रश्न सुटत नाही, आणि तपासणीआधी ती घेणे धोक्याचेही ठरते. याचे कारण पुढच्या पत्राच्या उत्तरात येईल.

पाणी बंद करण्याचा आपला उपाय कृपया सोडून द्या. घट्ट, पिवळीजर्द झालेली लघवी मूत्राशयाला आणखी टोचते, पाणी कमी पडल्याने बद्धकोष्ठ वाढते, आणि भरलेले मलाशय मूत्राशयावर दाब देते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल, तर दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव पोटात गेले पाहिजेत आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक. त्यांतले बहुतेक संध्याकाळपूर्वी घ्या, झोपण्याआधीचे दोन तास मोकळे ठेवा आणि दुपारनंतरचा चहा कमी करा.

आता एक काम सांगतो. आपण शिक्षक असल्यामुळे ते आपल्याला अवघड जाणार नाही. एक वही आणि मापाच्या रेघा असलेला प्लास्टिकचा मग घ्या. सलग तीन दिवस, रात्रीसह, प्रत्येक वेळी किती वाजता आणि किती मिलिलिटर लघवी झाली, कपडे ओले झाले का, आणि काय व किती प्यायलात, हे लिहा. या वहीने जे कळते ते महागड्या तपासण्यांनीही पुष्कळदा कळत नाही. रात्री चार वेळा उठणाऱ्या दोन माणसांची उदाहरणे घ्या. एकाला प्रत्येक वेळी ८०-१०० मिलिलिटरच होते, म्हणजे दोष मूत्राशयाच्या बाजूला आहे. दुसऱ्याला प्रत्येक वेळी ३०० मिलिलिटर होते, आणि पहाटे उठल्यावरची पहिली लघवी धरून रात्रीची बेरीज चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशाहून अधिक भरते, म्हणजे शरीर रात्रीच जास्त लघवी तयार करत आहे. दिवसभर पायांत साचलेली सूज आडवे झाल्यावर रक्तात परत येणे, घोरताना श्वास अडकण्याचा आजार, हृदयाचा अशक्तपणा, संध्याकाळी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी, क्वचित पायांवर सूज आणणारी अॅम्लोडिपिनसारखी रक्तदाबाची गोळी, अशी त्याची कारणे असतात. या दुसऱ्या माणसाच्या प्रोस्टेटची शस्त्रक्रिया केली, तरी तो रात्री चार वेळाच उठेल.

वही घेऊन मूत्ररोगतज्ज्ञांकडे जा. ते लघवी, रक्तातील साखर व मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासतील. गुदमार्गातून बोटाने ग्रंथी तपासतील, त्याला मिनिटभरही लागत नाही आणि लाजून ती तपासणी टाळण्यात नुकसान आपलेच आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका तपासणारी पीएसए ही रक्ततपासणी करायची की नाही हे ते तुमच्याशी बोलून ठरवतील. लघवीला जंतुसंसर्ग असताना किंवा नुकतीच नळी घातलेली असताना ती करू नये, कारण तेव्हा आकडा नाहक वाढलेला येतो. सोनोग्राफीत लघवी करण्यापूर्वी आणि केल्यानंतर मूत्राशयात किती शिल्लक राहते, ते मोजून घेण्याचा आग्रह धरा. पुष्कळ केंद्रांत रुग्णाला बाटल्याच्या बाटल्या पाणी पाजून मूत्राशय तट्ट फुगवतात. तशा ताणलेल्या अवस्थेत निरोगी माणसाचेही मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. शक्य तर नेहमीची कळ आल्यावर, घाई न करता लघवी करून मगच शिल्लक मोजलेली बरी.

औषधांपैकी टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्या ग्रंथीतील व मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करतात आणि त्यांचा गुण एक-दोन आठवड्यांत दिसतो. सुरुवातीच्या दिवसांत झटकन उभे राहिल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून ही गोळी रात्री घेण्यास सांगतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आपण ही गोळी घेता किंवा पूर्वी घेत होता हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण तिच्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी बुबुळ सैल पडते. ग्रंथी बरीच मोठी असल्यास फिनास्टेराइड किंवा ड्यूटास्टेराइड देतात. त्या ग्रंथी आकसवतात, पण त्यांना सहा महिने द्यावे लागतात, आणि पीएसएचा आकडा त्यांमुळे सुमारे निम्म्यावर येतो, हे पुढच्या तपासणीत लक्षात ठेवावे लागते. गोळ्यांनी भागले नाही, लघवी पुन्हा पुन्हा तुंबली किंवा मूत्रपिंडांवर परिणाम दिसू लागला, तर मूत्रमार्गातून दुर्बिणीने किंवा लेसरने वाट मोकळी करतात. त्यानंतर बहुसंख्य पुरुषांत वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. हे अपायकारक नसले, तरी आधी सांगितले गेले पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्ररोगांच्या अनेक शस्त्रक्रिया येतात, तेव्हा संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

औषधाच्या दुकानातून सर्दीची गोळी परस्पर घेऊ नका. नाक मोकळे करणारी फेनिलेफ्रिनसारखी औषधे आणि झोप आणणारी क्लोरफेनिरामीनसारखी औषधे आधीच अरुंद असलेल्या वाटेवर लघवी पूर्ण तुंबवू शकतात. पावसाळ्यात अशा गोळीनंतर रात्रभर कळवळत बसलेले रुग्ण पहाटे रुग्णालयात येतात. असे झाल्यास सकाळची वाट पाहू नका आणि धार सुटेल या आशेने आणखी पाणीही पिऊ नका.

भजनाला आजपासून जा. कळ आली की धावत सुटू नका. जागच्या जागी स्थिर राहा, वायू रोखताना आवळतो तो स्नायू पाच-सहा वेळा आवळा, कळेची लाट ओसरू द्या आणि मग चालत जा. धावल्याने पोटावरचा दाब वाढतो आणि लघवी वाटेतच सुटते. पहिले काही दिवस दाराजवळ बसलात, तर मनावरचा ताणही हलका होईल.

प्रश्न : माझे यजमान ७२ वर्षांचे असून त्यांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. चार महिन्यांपासून ते झोपेत अंथरूण ओले करतात. दिवसाही कपडे थोडे थोडे ओले होतात, पण कळ आल्याचे त्यांना समजत नाही. लघवीला ते दिवसातून दोनदाच जातात. ओटीपोट फुगल्यासारखे दिसते. ओळखीच्या दुकानदाराने लघवी आवरण्याची गोळी दिली, तिने त्रास वाढला. मुलगा म्हणतो, वयामुळे होते, डायपर लावू.

उत्तर : ताई, डायपर लावण्याआधी, शक्य तर उद्याच, त्यांना रुग्णालयात घेऊन जा. आयुष्यभर कोरड्या अंथरुणात झोपलेला पुरुष उतारवयात झोपेत लघवी करू लागला, तर त्याचे मूत्राशय काठोकाठ भरलेले आहे असे गृहीत धरूनच तपासणीला लागावे. आपल्या यजमानांची लघवी गळत नसून उतू जात आहे. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी पडले की जेवढे पडते तेवढे बाहेर सांडते, पण हंडा भरलेलाच राहतो. अशा मूत्राशयात एक-दीड लिटर लघवी साठलेली मी पाहिली आहे, आणि ती इतकी हळूहळू साठते की रुग्णाला वेदना होत नाहीत. वेदना नसणे हाच या अवस्थेतला सर्वांत मोठा धोका आहे, कारण मागे साठलेला दाब मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो, ती सुजतात आणि कोणाच्या लक्षात येण्यापूर्वी निकामी होऊ लागतात.

दीर्घकाळचा मधुमेह पायांच्या तळव्यांची संवेदना नेतो, तशीच मूत्राशयाचीही नेतो. पिशवी भरली हा निरोप मेंदूकडे जात नाही, स्नायू ताणून ताणून सैल पडतो आणि त्याच वेळी प्रोस्टेटही वाढलेली असू शकते. लघवी आवरण्याच्या बहुतेक गोळ्या मूत्राशयाचा स्नायू सैल करतात. मुळातच सैल पडलेल्या स्नायूवर असे औषध दिले, की उरलासुरला जोरही जातो. ती गोळी थांबवा आणि तिचे वेष्टन डॉक्टरांना दाखवा.

रुग्णालयात सोनोग्राफी करतील, क्रिएटिनिन पाहतील आणि नळी घालून मूत्राशय रिकामे करतील. त्यानंतर काही तास किंवा एक-दोन दिवस खूप लघवी होऊ शकते, क्षार कमी होऊ शकतात, म्हणून तेथे राहण्यास सांगितले तर राहा. पुढे नेमका दोष वाटेत आहे की स्नायूत, हे ठरवावे लागते. त्यासाठी मूत्राशयातील दाब मोजण्याची एक तपासणी असते. वाट अडलेली असेल तर शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. स्नायूच थकला असेल, तर शस्त्रक्रियेने फारसे साधत नाही.

तशा वेळी दिवसातून चार ते सहा वेळा स्वतःच्या हाताने बारीक नळी घालून मूत्राशय रिकामे करायला शिकवतात. हे ऐकताच घरातील सगळे घाबरतात, आणि ते स्वाभाविक आहे. पण १९७२ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील जॅक लॅपिडिस या शल्यविशारदांनी दाखवून दिले, की त्यासाठी शस्त्रक्रियागृहाची निर्जंतुकता लागत नाही, साबणाने स्वच्छ धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते, कारण जंतुसंसर्गाला खरी चालना मूत्राशय ताणलेले राहिल्याने मिळते. असंख्य रुग्णांची मूत्रपिंडे या साध्या पद्धतीने वाचली आहेत. यजमानांची नजर अधू असेल किंवा हात थरथरत असतील, तर परिचारिका ती आपल्याला शिकवू शकेल. कायमची नळी ठेवण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळ चांगला आहे. संवेदना थोडी टिकून असल्याचे आढळले, तर कळेची वाट न पाहता घड्याळाकडे पाहून दर तीन-चार तासांनी लघवीला बसणे आणि एकदा झाल्यावर दोन मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न करणे, एवढ्यानेही काहींचे भागते.

त्यांच्या मधुमेहाच्या औषधांत डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल, तर तेही सांगा. ही औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे लघवीचे प्रमाण वाढते. हृदय व मूत्रपिंडांसाठी ती उपयुक्त असल्यामुळे स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नयेत.

प्रश्न : वय ६३. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी चार महिन्यांपूर्वी पूर्ण ग्रंथी काढली. कर्करोगाचे अहवाल चांगले आहेत. पण खोकलो, उठलो, बादली उचलली की लघवी सुटते. दिवसाला तीन पॅड लागतात. रात्री कोरडा असतो. नातवाला उचलून घेता येत नाही. हे आयुष्यभर असेच राहणार का?

उत्तर : चार महिन्यांवरून आयुष्याचा निकाल लावू नका. पुरुषांना लघवी रोखण्यासाठी दोन झडपा असतात, एक मूत्राशयाच्या तोंडाशी आणि दुसरी प्रोस्टेटच्या खाली. ग्रंथी काढताना वरच्या झडपेचा बराच भाग तिच्याबरोबर जातो आणि सर्व भार खालच्या झडपेवर येतो. तिला तो पेलायला वेळ लागतो. बहुसंख्य रुग्णांत सहा महिने ते वर्षभर सुधारणा होत राहते. आपण रात्री कोरडे असता, ही त्या झडपेत जीव असल्याची खूण आहे.

तिला बळ देणाऱ्या व्यायामाला केगेल व्यायाम म्हणतात. अर्नॉल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली बाळंतपणानंतर लघवी सुटणाऱ्या स्त्रियांसाठी तो मांडला. बायकांचा व्यायाम म्हणून काही पुरुष तो टाळतात, आणि त्यात त्यांचे महिने वाया जातात. आरशासमोर उभे राहून लघवी मध्येच रोखल्यासारखा स्नायू आवळा. लिंगाचे मूळ किंचित आत ओढले जाताना आणि वृषणे वर उचलली जाताना दिसली, तर योग्य स्नायू सापडला. पोट, मांड्या व नितंब सैल हवेत आणि श्वास चालू हवा. पाच ते दहा सेकंद आवळून तेवढाच वेळ सोडावे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा : एकदा आडवे होऊन, एकदा बसून, एकदा उभ्याने. प्रत्येक खेपेस शेवटी झटपट आवळण्या-सोडण्याचेही दहा करावेत. प्रत्यक्ष लघवी करताना धार वारंवार तोडण्याचा सराव करू नये, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होण्यात बिघाड होतो. आणि खोकण्याआधी, उठण्याआधी, बादलीला हात लावण्याआधी स्नायू आवळायचा, ही सवय अंगी बाणली की खरा फरक पडतो. पहिले एक-दोन वेळा फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या, कारण पुष्कळ लोक महिनोन्‌महिने चुकीचाच स्नायू आवळत असतात.

सुधारणा होते आहे की नाही हे मनाच्या अंदाजाने ठरवू नका. आठवड्यातून एक दिवस चोवीस तासांचे पॅड स्वयंपाकघरातील छोट्या काट्यावर, पिशवीत घालून, कोरडे वजन वजा करून मोजा. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. ४०० वरून २५० आणि २५० वरून १२० असे उतरणारे आकडे मनाला जो धीर देतात, तो माझ्या शब्दांनी येणार नाही. वजन, बद्धकोष्ठ आणि जुना खोकला यांवर उपचार करा. विडी-सिगारेट असेल तर ती सुटली पाहिजे. प्रवासासाठी लिंगावर बसवायचा चिमटा मिळतो. तो दर दोन तासांनी सोडावा आणि झोपताना कधीही वापरू नये.

वर्ष उलटूनही त्रास राहिला, तर उपाय संपलेले नसतात. थोडी गळती असल्यास मूत्रमार्गाला खालून आधार देणारी जाळीची पट्टी बसवतात. गळती जास्त असल्यास कृत्रिम झडप बसवतात : मूत्रमार्गाभोवती एक कडे, पोटात एक छोटा फुगा आणि वृषणाच्या पिशवीत एक बोंडी. बोंडी दाबली की कडे सैल होऊन लघवी होते आणि काही मिनिटांत ते आपोआप पुन्हा घट्ट होते. ही झडप खर्चीक आहे आणि काही वर्षांनी दुरुस्त करावी किंवा बदलावी लागू शकते, पण ती बसवलेले बहुसंख्य रुग्ण समाधानी असतात. पुढे किरणोपचार घेण्याचे ठरत असेल, तर ही चर्चा त्याआधीच आपल्या शल्यविशारदांशी करा.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा आहे. लघवी व्यवस्थित होते, पण पँट चढवल्यावर पाच-सहा थेंब गळतात आणि डाग पडतो. प्रोस्टेट वाढली असेल का?

उत्तर : नाही. वृषणाच्या मागे मूत्रमार्गाला वळण आहे आणि तेथे चमचाभर लघवी रेंगाळते. तिला बाहेर ढकलणारा स्नायू आळसावला की ती चालताना बाहेर येते. लघवी झाल्यावर वृषणाच्या पिशवीमागे दोन बोटे ठेवून हळूच वर आणि पुढे दाबत आणा, म्हणजे ती निघून जाईल. शक्य तेथे बसून लघवी करा. वरच्या उत्तरातील व्यायाम आपल्यालाही उपयोगी आहे. धार बारीक झाली, आग होऊ लागली किंवा पूर्वी तेथे मार लागला असेल, तर मात्र मूत्रमार्ग आकसला आहे का ते पाहून घ्यावे.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे आहेत. त्यांना पाच वर्षांपासून पार्किन्सन आहे. कळ आल्यावर ते उठतात, पण पोहोचेपर्यंत होऊन जाते. दोनदा रात्री घसरून पडले. आई चिडते आणि ते रडतात. नळीच घालून ठेवावी का?

उत्तर : नळी आत्ता नको. कायम ठेवलेल्या नळीत काही दिवसांतच जंतू वस्तीला येतात, खडे धरतात, आणि गोंधळलेल्या अवस्थेत रुग्णाने ती ओढली तर रक्तस्राव होतो. तुंबलेली लघवी दुसऱ्या कोणत्याच मार्गाने काढता येत नसेल किंवा पाठीला खोल जखमा असतील, तेव्हाच ती ठेवावी.

मेंदूतून मूत्राशयाला 'आत्ता नको' असा जो सतत निरोप जात असतो, तो पार्किन्सनमध्ये दुबळा पडतो, आणि त्याच आजाराने पायही मंद झालेले असतात. वडिलांना कळते, पण कळणे आणि होणे यांतील वेळ त्यांच्या चालण्याला पुरत नाही. म्हणून अंतर कमी करा. पलंगाशेजारी लघवीचे भांडे किंवा कमोड खुर्ची ठेवा. नाडीच्या पायजम्याऐवजी इलॅस्टिकचा द्या. वाटेत मंद दिवा ठेवा आणि सतरंजी काढून टाका. कळ येण्याची वाट न पाहता जागेपणी दर दोन-अडीच तासांनी 'बाबा, चला' म्हणून न्या. रात्री झोपण्यापूर्वी एकदा आणि आपण झोपायला जाताना एकदा. बद्धकोष्ठावर इलाज करा, कारण या आजारात ते जवळजवळ सर्वांना असते.

लघवीवर गोळी देण्यापूर्वी शिल्लक लघवी मोजून घ्या. ऑक्सिब्युटिनिनसारख्या जुन्या गोळ्यांनी वृद्धांचा विसरभोळेपणा आणि भ्रम वाढतो. त्याऐवजी मिराबेग्रॉन देता येईल का हे डॉक्टरांना विचारा. त्यावर रक्तदाबाकडे लक्ष ठेवावे लागते. रात्रीपुरते लिंगावर चढवायचे रबरी आवरण आणि पिशवी हा चांगला पर्याय आहे. माप योग्य घ्या, ते रोज बदला, कातडी धुऊन कोरडी करा आणि कधीही साधी चिकटपट्टी गुंडाळू नका. डायपर लावलाच, तर ओला होताच बदला आणि जांघेत झिंक ऑक्साइडचे मलम लावा.

लघवी सुटण्याबरोबर पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल आणि वाढता विसर ही तिन्ही लक्षणे थोड्या काळात दिसू लागली असतील, तर मेंदूतील पोकळ्यांत पाणी साठण्याचा आजार नाही ना, हे मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा. पार्किन्सनशी त्याची गल्लत होते, आणि ते पाणी वळवण्याच्या शस्त्रक्रियेने काही रुग्ण चालू लागतात.

आईंवर रागावू नका. रात्री तीनदा चादर बदलणाऱ्या बाईची झोप मोडलेली असते. आठवड्यातील दोन रात्री तिच्या जागी दुसरे कोणी झोपले, तर वडिलांचे रडणेही कमी होईल.

प्रश्न : वय ५८, वीस वर्षे विडी ओढतो. मागच्या महिन्यात एकदा लघवी लाल झाली. दुखले नाही, दुसऱ्या दिवशी थांबली. उन्हाळी लागली असे समजून सराट्याचा काढा घेतला. प्रोस्टेटही थोडी वाढली आहे. वाढलेल्या प्रोस्टेटचा पुढे कर्करोग होतो का?

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. ही साधी वाढ कर्करोगात बदलत नाही. दोन्ही एकाच ग्रंथीत शेजारी शेजारी असू शकतात, एवढेच. ज्याला लघवी अडण्याचा आजार म्हणतो तो आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे १२ प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतील वाताष्ठीलेचे वर्णन, म्हणजे मलमार्ग आणि मूत्राशय यांच्यामध्ये दगडासारखी कठीण गाठ येऊन लघवी अडणे, वाचताना आजचा वैद्य थबकतो. सराट्याचा काढा वैद्यांच्या सल्ल्याने घेण्याला माझा विरोध नाही.

परंतु मला चिंता आहे ती एकदा लाल झालेल्या आपल्या लघवीची. उन्हाळी लागली की आग होते, थेंब थेंब होते. आपल्याला तसे काहीच झाले नाही. विडी ओढणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला एकदाच, न दुखता, लघवीतून रक्त गेले आणि आपोआप थांबले, तर ते मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले आणि पुष्कळदा बराच काळ एकमेव लक्षण असू शकते. तंबाखूच्या धुरातील विषारी द्रव्ये रक्तातून मूत्रपिंडांत गाळली जातात आणि लघवीत मिसळून तासन्‌तास मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला लागून राहतात. रक्त मुतखड्याचे किंवा वाढलेल्या प्रोस्टेटचेही असू शकेल. बीट खाल्ल्याने किंवा क्षयाच्या रिफाम्पिसिन गोळीने रंग बदलतो, तेही डॉक्टर विचारतील. पण तपासल्याशिवाय तसे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि मलाही नाही. लघवीची तपासणी, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन, आणि मूत्राशयात दुर्बीण घालून पाहणे, या तिन्ही गोष्टी करायच्या आहेत. दुर्बिणीची तपासणी जागा बधिर करून काही मिनिटांत होते. अस्तरापुरता असलेला कर्करोग दुर्बिणीतूनच खरवडून काढता येतो आणि मूत्राशय वाचते. तो स्नायूत शिरल्यावर पुष्कळदा मूत्राशयच काढावे लागते.

आपले पत्र लिहिल्यापासून हा अंक हाती पडेपर्यंत काही आठवडे गेले असतील. आमच्या कार्यालयाने आपल्याला पत्त्यावर वेगळे उत्तर पाठवले आहे, ते मिळाले नसेल तर हेच उत्तर समजा. लघवी आता स्वच्छ आहे म्हणून थांबू नका. या आठवड्यात जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या मूत्ररोगतज्ज्ञांकडे जा, आणि खोलीत शिरताच, बसण्याच्या आधी, 'मला एकदा लघवीतून रक्त गेले' हे वाक्य सर्वांत पहिले सांगा.